चाकाचा वाक

वसतिगृहामागील पत्र्याच्या शेडमध्ये आज चौदा सायकली आहेत. त्यांतील नऊ रस्त्यावर धावतात, तीन उघडून ठेवलेल्या आहेत आणि उरलेल्या दोन आता कधीच धावणार नाहीत. त्यांचे भाग काढून इतरांना बसवले जातात. बहुतेक सर्व सायकली जुन्या पद्धतीच्या, काळ्या, अठ्ठावीस इंची चाकांच्या आणि सळ्यांच्या ब्रेकच्या आहेत. कोणी माजी विद्यार्थ्याने वडिलांची आठवण म्हणून आणून दिली, कोणाच्या गोठ्यात ती कडब्याखाली सापडली, काही आम्ही भंगाराच्या भावाने वजनावर घेतल्या. आठवी ते दहावीची इच्छुक मुले-मुली रविवारी दुपारी त्या उघडतात, धुतात आणि पुन्हा जोडतात. या वर्गाविषयी स्मरणिकेत लिहावे असे संपादक मंडळाने सुचवले, तेव्हा ही दुरुस्तीची कृती लिहावी की इतिहासाचा पाठ, असा मला प्रश्न पडला. मी इतिहासाचा शिक्षक. हाताला ग्रीस लागण्याची सवय मला फार उशिरा लागली. परिणामी दोन्ही गोष्टी येथे एकमेकींत मिसळल्या आहेत.

आरंभीच एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. वर्ग सुरू झाला त्या वर्षीच्या पालकसभेत एक पालक उभे राहिले. तालुक्याच्या बसस्थानकाजवळ त्यांचे सायकल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. ते म्हणाले, "सर, माझं सगळं आयुष्य पंक्चर काढण्यात गेलं. पोराला इथं ठेवलंय ते त्यानं पुन्हा पाना हातात घ्यावा म्हणून का?" सभेत शांतता पसरली. मला जे उत्तर सुचले ते देण्याचे धैर्य मला झाले नाही, कारण ते श्रमप्रतिष्ठेवरील भाषणाचे उत्तर होते. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या श्रमातच झिजल्या, त्यांना श्रमाची थोरवी ऐकवण्याचा उद्योग या देशात पुष्कळांनी केला आहे. ऐकवणारे स्वतः मात्र क्वचितच घाणीत उतरले. त्या पंक्तीत बसण्याची माझी इच्छा नव्हती. "विचार करून सांगतो," एवढेच मी म्हणालो. हा लेख म्हणजे काही अंशी तो विचार आहे.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे न झालेल्या भाषणात जातिव्यवस्थेच्या आर्थिक समर्थनाचा समाचार घेतला आहे. जात म्हणजे श्रमविभागणी, असे तिचे समर्थक म्हणत. त्यावर बाबासाहेबांचे म्हणणे असे, की ही श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची; तीत माणसाची आवड, कुवत, निवड यांना स्थान नाही, जन्मानेच काम अंगावर येते. या विवेचनात हातांनी केलेल्या कामाचा तिरस्कार कोठेही नाही. काम निवडण्याचा आणि सोडण्याचा अधिकार हिरावला जाणे, हा त्यांचा आक्षेपाचा मुद्दा आहे. त्या पालकांचा प्रश्न याच मुद्द्याशी येऊन थांबतो. म्हणून आम्ही काही नियम केले. वर्ग ऐच्छिक राहील, अभ्यासाच्या वेळेला धक्का लागणार नाही, आणि शिक्षा म्हणून कोणालाही तेथे पाठवले जाणार नाही. हा शेवटचा नियम करावा लागला, कारण एका तरुण सहकाऱ्याने दंगा करणाऱ्या दोन मुलांना 'जा, सायकली पुसा' म्हणून खरोखरच पाठवले होते.

शेडमध्ये नव्याने आलेल्या मुलांना पाना हाती देण्यापूर्वी मी एक कथा सांगतो. ती अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात आहे. वाराणसीजवळ इसिपतनात तथागतांनी भिक्खूंना ती सांगितली. पचेतन नावाच्या राजाने आपल्या रथकाराला बोलावून सांगितले, की सहा महिन्यांनी युद्ध होणार आहे, तोवर चाकांची नवी जोडी करून दे. सहा महिने संपायला सहा दिवस उरले तेव्हा एकच चाक तयार होते. राजाने विचारले, उरलेल्या सहा दिवसांत दुसरे होईल का? रथकार म्हणाला, होईल. आणि त्याने ते केले. राजाला दोन्ही चाके सारखीच दिसली. तेव्हा रथकाराने सहा दिवसांचे चाक जमिनीवर ढकलून सोडले. ढकलण्याचा जोर होता तोवर ते गेले, मग गिरकी घेऊन आडवे पडले. दुसरेही तसेच सोडले. जोर संपला तेथे ते आसात बसवल्यासारखे उभे राहिले. असे का, हे विचारल्यावर रथकार सांगतो, की पहिल्याच्या धावेत, आऱ्यांत आणि तुंब्यात वाक होता, दोष होता, कस राहिला होता. दुसऱ्यात तो नव्हता. पालीत 'वंक' हा शब्द आहे. आपल्या 'वाक' आणि 'वाकडा' या शब्दांचे त्याच्याशी असलेले नाते मुलांच्या सहज ध्यानात येते. पुढे तथागत काया, वाचा आणि मन यांच्या वाकाकडे वळतात, आणि सांगतात की तो रथकार मीच होतो.

शेवटच्या वाक्यावर मी मुद्दाम थांबतो. पूर्वजन्माचा भाग शब्दशः घेण्याचे आपल्याला कारण नाही. बाबासाहेबांनी आत्म्याच्या संक्रमणाची कल्पना धम्मात कशी बसत नाही हे पुरेसे स्पष्ट केले आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट नोंदवावी. पाली ग्रंथांत हीन मानल्या गेलेल्या कुळांची एक यादी वारंवार येते: चांडाल, निषाद, वेण, रथकार, पुक्कुस. चाक बनवणारा या यादीत आहे. त्या काळच्या समाजाने ज्याला खालचा ठरवले, त्याच्या जागी स्वतःला उभे करून तथागत बोलतात. तो रथकार राजापुढे थरथरत नाही, चाक सोडून दाखवतो आणि कारण सांगतो. आपल्या विषयाचे ज्ञान असलेला माणूस जसा बोलतो, तसा तो बोलतो.

आता चाकांकडून वाहनाकडे येऊ. बाबासाहेबांनी स्वतःच्या अनुभवांची जी टिपणे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने लिहून ठेवली, त्यांतील दोन प्रसंग वाहनांचे आहेत. पहिला १९०१ सालचा. लहानगा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटण्यासाठी मसूर स्थानकावर उतरली. त्यांना कोरेगावला जायचे होते. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण राजी झाला, तोही या अटीवर, की बैल मुलांनी हाकायचे आणि तो बरोबर पायी चालणार. दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर झाले होते. स्थानकावरून महारवाड्यात नेण्यासाठी टांगा हवा होता, पण टांगेवाल्यांना त्यांना घेऊन जाणे कमीपणाचे वाटले. पाहुण्याला चालत न्यायचे नाही म्हणून वस्तीतील लोकांनी नुसता टांगा भाड्याने घेतला आणि ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा त्यांच्यातलाच एक जण पुढे बसला. पुलावर घोडा उधळला, चाक बाजूच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले.

दोन्ही वेळी गाडी होती, बैल-घोडे होते, पैसेही होते. हाकणारा मिळत नव्हता. सायकलीचे सामाजिक महत्त्व मला येथे दिसते. ती हाकायला दुसरा माणूस लागत नाही. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी 'रोव्हर' सायकल आणली. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉपने हवेचा टायर दिला. आणि तोच सांगाडा किरकोळ फेरफारांनी आजवर चालत आला आहे. आपल्याकडे दीर्घकाळ विलायती सायकलीच येत. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला, आसनसोलला, सोनिपतला आणि लुधियान्याला कारखाने निघाले आणि हळूहळू ती पोस्टमन, गिरणी कामगार, दूधवाला, शाळामास्तर यांच्या आवाक्यात आली. यांतील सोनिपतच्या, १९५१ साली सुरू झालेल्या अॅटलास कंपनीचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो जागतिक सायकल दिन होता.

अर्थात, सायकल मिळाली म्हणजे रस्ता मिळाला असे झाले नाही. माझे वडील सांगत, की गावच्या वेशीतून आत शिरताना चावडीपर्यंत ते सायकलवरून उतरून ती हातात धरून चालत. कोणी तसा हुकूम दिला होता असे नाही. बसून गेल्यास काय होईल ते सर्वांना ठाऊक होते. हा केवळ एका गावचा किंवा एका पिढीचा अनुभव समजू नये. या शतकाच्या आरंभी अकरा राज्यांतील ग्रामीण अस्पृश्यतेचे जे सर्वेक्षण झाले, त्यातही दलितांना सार्वजनिक रस्त्यावर सायकल चालवण्यास मज्जाव करणारी गावे आढळली. आमच्या शेडमधील सर्वांत जुनी सायकल वडिलांचीच आहे. तिची मूठ एका बाजूने अधिक झिजलेली आहे. ते सायकल नेहमी डाव्या बाजूने धरून चालत.

आता प्रत्यक्ष कामाकडे. जुनी सायकल हाती आली, की मुलांना आधी ती रंगवायची घाई होते. रंग सर्वांत शेवटी. प्रथम चाके काढायची, मग साखळी, मग क्रँक. जुन्या सायकलीचा क्रँक आसाला कॉटर पिनने बसवलेला असतो. ही पिन पाचरीसारखी एका बाजूने तासलेली असते आणि वीस-तीस वर्षांत ती गंजून क्रँकशी एकजीव होते. तिला थेट हातोडा मारला, की टोक चेपते आणि मग ती कोणत्याच बाजूने निघत नाही. मी स्वतः तीन पिना अशा वाया घालवल्या. चौथ्या वेळी शेडच्या दारात कोणीतरी येऊन उभे राहिले होते. पालकसभेत प्रश्न विचारणारे तेच गृहस्थ. मुलाला भेटायला आले होते. थोडा वेळ त्यांनी पाहिले आणि मग माझ्या हातातला हातोडा काढून घेतला. त्यांनी नट पूर्ण न काढता टोकाशी सपाट राहील इतका सैल केला, म्हणजे घाव आट्यांवर बसत नाही. क्रँकखाली लोखंडी नळीचा तुकडा टेकवला, म्हणजे घावाचा जोर छर्ऱ्यांवर जात नाही. आणि एकच घाव नेमका घातला. पिन सुटली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्या त्यांना आवडल्या नाहीत. त्यानंतर ते आणखी तीन-चार वेळा आले. त्यांनी आपला आक्षेप मागे घेतलेला नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. नळीचा तो तुकडा मात्र आजही आमच्या पेटीत आहे.

पुढची दोन पथ्ये पाठ करावी लागतात. डावे पायडल उलट आट्यांचे असते, म्हणून ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटते. आणि साखळीच्या बाजूची, क्रँकच्या आसाची वाटीही उलट आट्यांची असते. ती शक्यतो काढूच नये. आत हात घालून पुसावी. छर्रे मोजून ठेवावेत. सर्वसाधारणतः मागच्या चाकात प्रत्येक बाजूला ९ आणि क्रँकच्या आसाला प्रत्येक बाजूला ११ मिळतात, दोन्ही पाव इंची. एखादा कमी निघाला तर आधीच्या कोणा कारागिराने तो घातलाच नव्हता असे समजावे. जुन्या छर्ऱ्यांवर खळगे दिसले, तर सर्वच्या सर्व बदलावेत. नव्या-जुन्यांची सरमिसळ केली तर भार सगळा मोठ्यांवर येतो. ग्रीस भरपूर, पण स्वच्छ.

मग कोन बसवायचा. हा भाग बोटांनी शिकायचा आहे, तो लिहून पुरेसा सांगता येत नाही. कोन आधी हाताने घट्ट फिरवावा, मग सुमारे पाव फेरा मागे घ्यावा, आणि चेकनट आवळावा. आता चाक उचलून व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून सोडावे. नुसत्या व्हॉल्व्हच्या वजनाने चाक हळूहळू फिरून व्हॉल्व्ह खाली आला आणि रिम धरून हलवल्यास आस खडखडला नाही, म्हणजे काम बरोबर झाले. खडखडले तर सैल आहे, अडले तर घट्ट आहे. येथे एक गमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. ऋग्वेदात 'सुख' हा शब्द रथाचे विशेषण म्हणून येतो, सहज धावणारा अशा अर्थाने. 'ख' म्हणजे भोक, म्हणजेच आस जेथे बसतो ते चाकाचे छिद्र, अशी त्याची फोड काही भाषाभ्यासकांनी केली. त्या हिशोबाने दुःख म्हणजे नीट न बसलेला आस. ही व्युत्पत्ती सर्वांना मान्य नाही. पण ती ऐकल्यानंतर आमच्या वर्गात कोन सैल राहिलेल्या चाकाला सगळे 'दुःखी चाक' म्हणू लागले आहेत, आणि मी ते थांबवलेले नाही.

सर्वांत अधिक वेळ जातो तो चाकाचा आऊट काढण्यात. जुन्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. बैलगाडीच्या चाकात आरे भार पेलून धरतात, दाबले जातात; सायकलच्या तारा मात्र ताणलेल्या असतात. बारीक तार दाब सहन करू शकत नाही, ताण भरपूर सहन करते. म्हणून ते चाक हलके असूनही दीडशे किलोचे ओझे नेऊ शकते. तारा तुंब्यातून सरळ न नेता तिरप्या, एकमेकींना छेदत नेण्याची पद्धत जेम्स स्टार्लीने १८७४ मध्ये आणली. सायकल उलटी ठेवून चाक फिरवायचे आणि रिमपासून केसभर अंतरावर खडू धरायचा. जेथे खडूची रेघ उमटते तेथे रिम त्या बाजूला आलेली आहे. रिम उजवीकडे आली असेल, तर तेथील डाव्या तारा पाव-पाव फेरा आवळायच्या आणि उजव्या तितक्याच सैल करायच्या. एकाच तारेवर सगळी दुरुस्ती लादायची नाही, तीन-चार तारांत ती वाटायची. अधीर मुले एकच तार आवळत सुटतात. मग एक वाक जातो आणि शेजारी दुसरा उगवतो. गंजलेल्या निपलांवर आदल्या रात्री तेलाचा थेंब सोडून ठेवावा. पचेतनाच्या रथकाराला चाक एकदाच नीट करावे लागे. आपल्या चाकाचा वाक आऊट काढून पुनःपुन्हा काढता येतो, आणि वापरात तो पुनःपुन्हा येतोही.

दहावीतील एका मुलाने मागील वर्षी आग्रह धरला, की ह्या सायकली 'क्रूझर' कराव्यात: जाड टायर, रुंद हँडल, झुकलेली नळी. त्याच्या हट्टामुळे मला अमेरिकेतील सायकलींचा इतिहास वाचावा लागला, आणि तो वाचून मी त्याचा ऋणी झालो. क्रूझर ही मूळ शिकागोची. इग्नाझ श्विन हा जर्मनीतून आलेला कारागीर. त्याच्या कंपनीने १९३३ मध्ये, महामंदीच्या ऐन भरात, सव्वादोन इंचांच्या जवळपास रुंदीच्या फुगीर टायरची सायकल आणली. मुलांसाठी ती होती: जड, मजबूत, एकाच गिअरची आणि पायडल उलटे दाबले की थांबणारी. ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यातच. पुढे गिअरच्या हलक्या सायकली आल्या, तशा ह्या जुन्या क्रूझर अडगळीत गेल्या आणि कवडीमोलाने मिळू लागल्या. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यातील तरुणांनी त्या उचलल्या, मडगार्ड-साखळीकव्हर काढून टाकले आणि तमालपाइस पर्वताच्या परिसरातील कच्च्या वाटांवरून खाली सोडल्या. उतार इतका तीव्र, की तुंब्यातला ब्रेक तापून आतले ग्रीस धूर होऊन जाई, आणि खाली पोहोचल्यावर तुंबा उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. त्यावरून त्या वाटेचे नावच 'रीपॅक' पडले. १९७६ पासून तेथे शर्यती झाल्या, १९७७ मध्ये जो ब्रीझने या कामासाठी खास सांगाडा बनवला, आणि आज बाजारात 'माउंटन बाईक' म्हणून जी मिळते तिचा जन्म असा भंगारातून झाला.

मला अधिक जवळची वाटली ती दुसरी कथा. १९६३ मध्ये त्याच कंपनीने वीस इंची चाकांची, लांबट केळ्यासारख्या सीटची आणि उंच हँडलची 'स्टिंग-रे' काढली. लॉस एंजेलिसच्या पूर्वभागातील मेक्सिकन वंशाच्या, चिकानो म्हणवणाऱ्या वस्त्यांत मोठी भावंडे जुन्या मोटारी खाली झुकवून, चकचकीत रंगवून संथपणे रस्त्यावरून नेत. ज्यांचे मोटार चालवण्याचे वय नव्हते त्या मुलांनी तेच ह्या सायकलींवर केले. पिळदार लोखंडी सळ्या, क्रोमचा मुलामा, मखमली सीट, थरांवर थर चढवलेला रंग. गोऱ्या शहराच्या दृष्टीने हे थिल्लर होते. ह्या संथ मोटारफेऱ्यांवर अनेक शहरांनी बंदी घातली, आणि बंदीचा फास ह्याच वस्त्यांच्या गळ्याभोवती आवळला गेला. अखेर २०२३ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून अशा स्थानिक बंद्या रद्द केल्या. रस्त्यावरून हळू आणि सजून जाणे ही गोष्ट कोणाच्या डोळ्यांत खुपते, हे आपल्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. घोड्यावर बसलेल्या नवरदेवाच्या वरातीवर दगड का पडतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा इतिहास परका वाटणार नाही. त्याच देशात, १८९४ मध्ये, सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीयांना सदस्यत्व बंद केले होते; आणि पाचच वर्षांनी, १८९९ साली, मार्शल 'मेजर' टेलर हा कृष्णवर्णीय तरुण मॉन्ट्रियलला एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेता झाला.

हे सर्व सांगून झाल्यावर मी त्या मुलाला 'नाही' म्हणालो. कारण तांत्रिक होते. जुन्या सायकलीचा चिमटा आणि मागची कमान अरुंद असते, तेथे फुगीर टायर घासतो. शिवाय सळीचा ब्रेक रिमच्या आतल्या कडेवर खालून वर दाबला जातो. त्यासाठी रिमचा आकारच वेगळा असतो. रिम बदलली, तर ब्रेक पकडणार नाही, आणि ब्रेक बदलला तर सायकलच बदलली. मग त्याने दुसरी वाट शोधली. आमच्याकडे एक स्वस्तातली, जाड टायरची, हल्लीच्या बनावटीची सायकल निकामी पडली होती. तिचे गिअर बिघडलेले होते. त्याने ते सगळे काढून एकच दाता ठेवला, रुंद हँडल बसवले, आणि सीट मागे घेतली. जाड टायरमुळे ती नदीकाठच्या वाळूतून जाते, काळी सायकल तेथे रुतते. रंग त्याने गडद निळा दिला. ब्रेक दोन्ही ठेवले, त्याबाबत मी हटून बसलो होतो.

बदल करायचाच असेल, तर आमच्या अनुभवाने सर्वांत उपयोगी बदल दिसण्यातला नाही, तो दात्यांचा आहे. पुढे ४४ दात आणि मागे १८ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच फेरे घेते, आणि अठ्ठावीस इंची चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर धरल्यास सायकल साडेपाच मीटरांच्या आसपास पुढे जाते. सपाट रस्त्याला हे उत्तम. आमच्या शाळेकडे येणारा शेवटचा चढ मात्र मुलींना दप्तरासह उतरून चढावा लागे. मागे २२ दातांचे फ्रीव्हील घातले, तेव्हा एका फेऱ्याला साडेचार मीटरांहून थोडे कमी अंतर झाले. वेग घटला, पण चढ बसून चढता आला. फ्रीव्हील बदलल्यावर साखळी दोन कड्यांनी वाढवावी लागते. हा हिशोब नववीच्या दोन मुलींनी फळ्यावर मांडला होता. गणिताच्या मॅडमनी तो पुसू दिला नाही, आठवडाभर तसाच ठेवला.

मुलींचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. त्यांत दलित आणि भूमिहीन स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. बिहारने २००६ पासून नववीतील मुलींना सायकली दिल्या, आणि अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात त्या वयोगटातील मुलींची माध्यमिक शाळेतील नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण मुलींना सायकली मिळतात. त्यांतील कितीतरी दोन पावसाळ्यांत पडवीत उभ्या राहतात, कारण पंक्चर काढायचे तर तालुक्याला न्यावी लागते. आमच्या वर्गात येणाऱ्या मुलींपैकी चौघींनी सुट्टीत आपापल्या वस्तीवरील अशा सायकली चालू केल्या. एकीने पंक्चरचे पाच रुपये घेतले म्हणून तिच्या आजीने तिला रागे भरले. घरच्या माणसांकडून पैसे कसे घेतलेस, असा तिचा प्रश्न होता. मुलीचे उत्तर होते, की सोल्यूशनची ट्यूब फुकट येत नाही.

रंगाविषयी थोडेच सांगतो, कारण त्यात मुले माझ्यापेक्षा हुशार आहेत. गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढावा, क्रोमवरचा हलका गंज अॅल्युमिनियमच्या चुरगळलेल्या पातळ कागदाने पाणी लावून घासल्यास निघतो, चिंचेच्या कोळानेही बराच जातो. मग रेड ऑक्साइडचा हात आणि त्यावर काळा इनॅमल, पातळ, दोनदा. पण मूळ रंग साठ टक्के शाबूत असेल, तर तो जाऊ देऊ नये. त्यावरील हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा आज ओढणारे हात फारसे उरलेले नाहीत. ओरखडे राहू द्यावेत. काही सायकलींना नगरपालिकेच्या करभरणीचा पितळी बिल्ला अजून लटकलेला असतो. तो काढून फेकू नये. त्या बिल्ल्यावर साल असते, आणि ती सायकल त्या साली रस्त्यावर होती याचा तेवढाच लेखी पुरावा असतो.

वडिलांची सायकल मी रंगवलेली नाही. तिचा आऊट काढला, छर्रे नवे घातले, टायर-ट्यूब बदलले, मूठ तशीच झिजलेली ठेवली. मागील दिवाळीच्या सुट्टीत ती गावी नेली. वेशीपासून चावडीपर्यंत अंतर तीनशे पावलांचे असेल, मी ते बसून पार केले. कोणी काही म्हटले नाही. चावडीच्या ओट्यावर मोबाइल पाहत बसलेल्या दोघा मुलांनी मान वर केली, आणि एकाने विचारले, "काका, विकायची आहे का?"

ज्या माजी विद्यार्थ्यांच्या किंवा पालकांच्या घरी अशी सायकल पडून असेल, त्यांनी ती शाळेत आणावी. मोडकी चालेल, एक चाक नसलेलीही चालेल. धुऊन आणू नये. मातीखाली कोणता भाग किती झिजला आहे हे मुलांना स्वतः पाहायचे असते. रविवारी दुपारी दोननंतर शेड उघडी असते.